'सावध राहा' हा बंदोबस्त नव्हे

'अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडू नका' हा सल्ला १९९९ सालीच कालबाह्य झाला. त्या वर्षी मार्चमध्ये पसरलेला मेलिसा हा व्हायरस वर्डच्या फायलीत मॅक्रोच्या, म्हणजे फायलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामच्या, रूपाने दडलेला होता. फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्तेवहीतल्या पहिल्या ५० पत्त्यांना स्वतःची प्रत धाडायचा. ज्याच्या हाती ती पडायची, त्याला ती ओळखीच्याच माणसाकडून आलेली असायची. पुढच्या वर्षी, मे २०००मध्ये, 'आय लव्ह यू' या नावाने आलेल्या किड्याने, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या व्हायरसने, पन्नासाची मर्यादाही ठेवली नाही. पत्तेवहीतल्या प्रत्येकाला तो गेला. २००१च्या अखेरीस आलेला क्लेझ तर आणखी पुढे गेला. बाधित संगणकावर सापडलेल्या पत्त्यांपैकी एक पत्ता तो पाठवणाऱ्याच्या जागी घालायचा आणि दुसऱ्याला मेल करायचा. ज्याच्या नावाने मेल आला त्याच्या संगणकाला काहीच झालेले नसायचे, पण शिव्या त्यालाच खाव्या लागायच्या.

अलीकडच्या काळात इमोटेट या व्हायरसने हाच डाव पूर्णत्वाला नेला. तो चोरलेल्या मेलबॉक्समधले जुने पत्रव्यवहार वाचून त्यांनाच उत्तर म्हणून यायचा: विषय तोच, खाली आधीचा मजकूर तोच, वर फक्त 'सोबतची फाइल पाहा' एवढी एक ओळ. अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी २०२१मध्ये त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा सुरू झाला.

पाव शतकाहून अधिक काळ धोका ओळखीच्या नावाने येतो आहे, आणि सल्ला मात्र अनोळखी माणसाबद्दल दिला जातो. या विसंगतीमागे एक सोय आहे. 'वापरकर्त्याने सावध राहावे' असे म्हटले की बाकी कुणाला काही करावे लागत नाही. ज्या संस्थेच्या नावाने तोतया मेल सुटतो तिला नाही, ज्या कंपनीने संगणक असुरक्षित रचनेत हाती दिला तिला नाही, आणि ज्या कार्यालयाने एका मेलवर लाखोंची रक्कम दुसऱ्या खात्यात वळवता येईल अशी पद्धत ठेवली त्यालाही नाही. सगळा भार दिवसाकाठी शंभर मेल वाचणाऱ्या माणसाच्या नजरेवर. हा भार अन्यायाचा आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो निरुपयोगी आहे.

मुळात मेलवरचे नाव खोटे घालता येते तरी कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण उपाय त्याच जागी आहे. मेल पोचवण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली. त्या वेळी जाळ्यावर मोजक्या संशोधन संस्था होत्या आणि एकमेकांवर विश्वास ठेवणे स्वाभाविक होते. या पद्धतीत पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा येतो. एकदा सर्व्हर-सर्व्हरांच्या बोलण्यात, म्हणजे पाकिटावर. मेल पोचला नाही तर तो तिकडे परत जातो. दुसऱ्यांदा मेलच्या आत, 'फ्रॉम' या ओळीत, म्हणजे पाकिटातल्या कागदाच्या डोक्यावर. वाचणाऱ्याला दिसतो तो हा दुसरा. दोन्ही पत्ते जुळतात की नाही, ते लिहिणाऱ्याच्या मालकीचे आहेत की नाही, हे ती मूळ पद्धत तपासतच नाही. तोतया मेल पाठवायला म्हणूनच कुणाचा पासवर्ड चोरावा लागत नाही. कागदावर कुणाचेही नाव लिहिता येते.

यातूनच दोन गैरसमज निघतात. 'तुमचा मेल पोचला नाही' असे निरोप येऊ लागतात, पण तसे मेल आपण पाठवलेलेच नसतात. लगेच वाटते की खाते फुटले. बहुतेक वेळा कुणीतरी आपला पत्ता पाकिटावर लिहिलेला असतो आणि परत आलेली पाकिटे आपल्याकडे येऊन पडत असतात. दुसरा प्रकार धमकीचा: 'तुझ्याच पत्त्यावरून लिहितो आहे, तुझा संगणक माझ्या ताब्यात आहे', आणि पुरावा म्हणून जुना पासवर्ड. पत्ता वर सांगितल्याप्रमाणे लिहिलेला असतो, पासवर्ड वर्षांपूर्वी कुठल्यातरी संकेतस्थळावरून फुटलेल्या यादीतला असतो. अशा वेळी खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन अलीकडचे लॉगिन पाहावे, तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर बदलावा, आणि पैसे अजिबात पाठवू नयेत.

या त्रुटीवर उपाय नाही असे मुळीच नाही. तीन उपाय आहेत, तिघांची कामे वेगळी आहेत, आणि तिन्ही वर्षानुवर्षे उपलब्ध आहेत. पहिला एसपीएफ. डोमेनचा, म्हणजे मेल पत्त्यातल्या '@' नंतरच्या नावाचा, मालक आपल्या डीएनएस नोंदीत, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, जाहीर करतो की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी अमुक सर्व्हरांनाच आहे. दुसरा डीकिम. पाठवणारा सर्व्हर मेलच्या मजकुरावर आणि ठरावीक हेडरांवर, म्हणजे 'फ्रॉम', विषय अशा डोक्यावरच्या ओळींवर, डिजिटल सही करतो; सही तपासायची किल्ली डीएनएसमध्ये उघडी असते, त्यामुळे वाटेत मजकूर बदलला तर ते कळते. पण एसपीएफ तपासते ते पाकिटावरचे नाव, आणि डीकिमची सही कुठल्याही डोमेनची असू शकते. भामट्याने स्वतःचे डोमेन घेऊन पाकीट आणि सही दोन्ही चोख केली आणि आतल्या कागदावर बँकेचे नाव लिहिले, तर दोन्ही तपासण्या खुशाल पार पडतात. ही फट बुजवतो तो तिसरा, डीमार्क. तो २०१२मध्ये पुढे आला आणि २०१५मध्ये त्याचा मसुदा रीतसर प्रसिद्ध झाला. त्याची अट साधी: वाचणाऱ्याला दिसणाऱ्या 'फ्रॉम'मधले डोमेन एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी किमान एका तपासणीत उत्तीर्ण झालेल्या डोमेनशी जुळले पाहिजे. जुळले नाही तर काय करायचे, हेही डोमेनचा मालकच सांगतो. 'नन' म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा. 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका. 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा.

खरा वाद या तीन शब्दांत आहे. अनेक संस्था डीमार्क बसवतात, 'नन' लिहितात आणि काम झाले असे समजून तिथेच थांबतात. 'नन' हे धोरण पाहणीसाठी आहे. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवते याचे अहवाल गोळा करण्यापुरते. ते कायमचे ठेवणे म्हणजे दाराला कुलूप आणून कोनाड्यात ठेवण्यासारखे आहे. ज्यांच्या नावावर लोक पैसे, पासवर्ड आणि प्रकृतीचे अहवाल सोपवतात, अशा बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, विद्यापीठे आणि सरकारी विभाग यांच्यावर 'रिजेक्ट' धोरणाची मुदतबंद सक्ती असली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. हे अशक्य नाही. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी विभागाने ऑक्टोबर २०१७मध्ये आदेश काढून तिथल्या केंद्रीय नागरी विभागांना यासाठी एक वर्षाची मुदत दिली होती. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना, म्हणजे जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना, तिन्ही उपाय बंधनकारक केले. पण त्या नियमात 'नन' लिहिले तरी चालते. पाऊल योग्य दिशेने पडले, पण अर्धेच.

सक्तीला घेतला जाणारा आक्षेप पोकळ नाही आणि तो टाळून चालणार नाही. मेल आपोआप पुढे पाठवला जातो तेव्हा पाठवणारा सर्व्हर बदलतो आणि एसपीएफ मोडते. गटयाद्या, म्हणजे मेलिंग लिस्ट, विषयाच्या सुरुवातीला गटाचे नाव किंवा मजकुराखाली तळटीप जोडतात आणि डीकिमची सही मोडते. दोन्ही मोडले की खरा मेलही 'रिजेक्ट' होतो. म्हणून कुणी एका रात्रीत धोरण बदलले तर गोंधळ होणारच. पण याचे उत्तर क्रमात आहे. आधी 'नन' ठेवून अहवालांचा पत्ता द्यावा आणि काही आठवडे अहवाल वाचावेत. त्यात हमखास विसरलेली नावे निघतात: पगारपत्रके पाठवणारी सेवा, ग्राहकांच्या तक्रारींची यंत्रणा, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी सुरू केलेले वार्तापत्र, मेलने स्कॅन पाठवणारा कार्यालयातला प्रिंटर. प्रत्येकाला आपल्या डोमेनची डीकिम सही लावून घ्यावी, शक्यतो २०४८ बिटांच्या किल्लीची. मेल पुढे धाडताना मजकूर बदलला नाही तर ही सही टिकते, म्हणून नुसत्या एसपीएफच्या भरवशावर राहू नये. मग 'क्वारंटाइन', आणि अहवाल स्वच्छ येऊ लागले की 'रिजेक्ट'. मध्यम आकाराच्या संस्थेला यात काही महिने जातात. दहा वर्षे जाण्याचे कारण नाही.

या कामात ठरावीक चुका होतात. एसपीएफच्या एका तपासणीत दहाहून अधिक डीएनएस विचारणा करायला परवानगी नाही. प्रत्येक नव्या सेवेचा 'इन्क्लूड', म्हणजे तिची यादी आपल्या नोंदीत ओढून घेणारा शब्द, जोडत गेले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि सगळी नोंदच निकामी होते. एकाच डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी लिहिणे ही दुसरी चूक. तिचा परिणामही तोच. नोंदीच्या शेवटी 'ऑल'च्या, म्हणजे 'बाकी सर्व सर्व्हर'च्या, आधी अधिक चिन्ह लिहिणे म्हणजे साऱ्या जगाला परवानगी देणे. आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे वापरात नसलेली डोमेन. जुन्या मोहिमेसाठी घेतलेले, नाव कुणी पळवू नये म्हणून राखून ठेवलेले, असे डोमेन मेल पाठवतच नाही, त्यामुळे त्याकडे कुणी पाहत नाही आणि भामट्याला ते आयते मिळते. त्याला एसपीएफमध्ये उणे चिन्हासह फक्त 'ऑल' आणि डीमार्कमध्ये थेट 'रिजेक्ट' लावावे. इथे पाहणीची गरज नाही, पाच मिनिटांचे काम आहे.

अर्थात डीमार्कने सगळे थांबत नाही. तो फक्त नेमके तेच डोमेन वापरणारा तोतया अडवतो. भामटा मग दिसायला सारखे डोमेन विकत घेतो. रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरे शेजारी आली की 'एम'सारखी दिसतात. सिरिलिक लिपीतली काही अक्षरे रोमन अक्षरांची हुबेहूब जुळी आहेत. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पत्ता काहीही असो, नावाच्या जागी 'ग्राहक सेवा विभाग' किंवा वरिष्ठांचे नाव लिहायचे. मोबाइलवरची बहुतेक मेल अॅप सुरुवातीला फक्त नाव दाखवतात, पत्ता पाहायला नावावर बोट ठेवावे लागते. जागा वाचवण्यासाठी घेतलेला हा निर्णय सुरक्षेच्या मुळावर आला आहे. पाठवणाऱ्याचे डोमेन निदान पहिल्या वेळच्या मेलमध्ये ठळक दिसलेच पाहिजे, हे काम अॅप बनवणाऱ्यांचे आहे.

लिंकचा पत्ता वाचायची रीत मात्र प्रत्येकाला यायला हवी, कारण ती एक मिनिटात शिकता येते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी आणि तिथून उलट डावीकडे वाचावे. शेवटचे दोन तुकडे, काही देशांच्या पत्त्यांत तीन, हेच मालकाचे नाव. 'आपलीबँक.कॉम.पडताळणी.नेट' या पत्त्याचा मालक 'पडताळणी.नेट' आहे, त्याआधीचे सगळे त्याने मनाला येईल तसे लिहिले आहे. तरीही या वाचनापेक्षा पासवर्ड साठवून स्वतःच भरणारा पासवर्ड मॅनेजर अधिक भरवशाचा. तो डोमेन अक्षरागणिक ताडून पाहतो. एरवी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर हाताने टाइप करण्याआधी थांबावे. पान खोटे असण्याची तीच सर्वांत स्पष्ट खूण आहे.

इथे प्रशिक्षणाचा मुद्दा येतोच. कर्मचाऱ्यांना लुटुपुटीचे फिशिंग मेल, म्हणजे पासवर्ड किंवा पैसे काढून घेण्यासाठी येतात तसे तोतया मेल, पाठवायचे, जो फसेल त्याला एक धडा दाखवायचा आणि टक्केवारी वरिष्ठांना कळवायची, ही पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. तिचा परिणाम मात्र तपासला गेला तेव्हा निराशाच झाली. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने प्रयोग केला. फसल्यावर लगेच दाखवलेल्या धड्याने लोक अधिक सावध झाले नाहीत, उलट काही प्रमाणात अधिक गाफील झाल्याचे दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या आरोग्यसेवेत १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने चाललेल्या प्रयोगात प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या लोकांच्या फसण्याच्या प्रमाणातला फरक होता १.७ टक्के. हजार माणसांच्या संस्थेत एकाने चूक केली तरी हल्लेखोराचे काम होते. तेव्हा इतक्या फरकावर बंदोबस्त उभा राहू शकत नाही. ईटीएचच्याच प्रयोगातून दुसरी, कामाची गोष्ट पुढे आली: 'कळवा' असे एक बटण दिले की पुरेसे कर्मचारी ते खरोखर वापरतात, लवकर वापरतात, आणि त्यातून चालू हल्ला पकडता येतो. ज्या संस्थेत फसलेल्याची नावानिशी चर्चा होते तिथे ते बटण कुणी दाबत नाही.

खुद्द संस्थांचे मेल पाहिले तर लोक का फसतात ते कळते. खऱ्या संस्था तिसऱ्याच डोमेनवरून मेल पाठवतात, आखूड केलेल्या लिंका देतात, '२४ तासांत माहिती अद्ययावत करा, अन्यथा सेवा बंद होईल' असे लिहितात आणि खाली लॉगिनचे बटण ठेवतात. बनावट मेलची हीच लक्षणे त्यांच्याच सूचनापत्रकात छापलेली असतात. अशा संस्थांनी मेलमध्ये लॉगिनची लिंक देणे पूर्ण बंद करावे. 'आमच्या अॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर जाऊन संदेश पाहा' एवढेच लिहावे. ग्राहकाला मग एकच नियम लक्षात ठेवावा लागेल: लॉगिनची लिंक असलेला मेल आमचा नाहीच.

आता संगणकाकडे. इथे सूत्र एकच: चुकीचे क्लिक होणार हे गृहीत धरायचे आणि त्या क्लिकने काही बिघडणार नाही अशी मांडणी आधी करून ठेवायची.

'आय लव्ह यू'ची फाइल दिसायला साधा मजकूर वाटत होती, कारण तिच्या नावात आधी 'टीएक्सटी' आणि मग 'व्हीबीएस' असे दोन शेपूट-शब्द होते आणि विंडोजने शेवटचा लपवला होता. ज्ञात प्रकारच्या फायलींचे एक्सटेन्शन लपवण्याची ही सवय विंडोजने अजून सोडलेली नाही. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' यावर खूण करावी. एवढे करूनही शॉर्टकट फायलींचे 'एलएनके' हे एक्सटेन्शन दिसत नाही. त्यांच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण असतो, तेवढीच ओळख. मेलमधून आलेल्या झिपमध्ये बाण असलेली फाइल दिसली तर ती उघडायची नाही. खऱ्या पत्रव्यवहारात शॉर्टकट पाठवायचे कारणच नसते.

पुढची मांडणी फार कमी लोक करतात आणि ती अत्यंत परिणामकारक आहे. 'जेएस', 'जेएसई', 'व्हीबीएस', 'व्हीबीई', 'डब्ल्यूएसएफ' आणि 'एचटीए' या प्रकारच्या फायली दोनदा क्लिक केल्या की विंडोज त्या थेट चालवते. सेटिंग्जमध्ये 'अॅप्स', मग 'डिफॉल्ट अॅप्स' इथे जाऊन प्रत्येक प्रकारासाठी नोटपॅड निवडावे. यापुढे अशी फाइल चुकून उघडली तर पडद्यावर अगम्य मजकूर दिसेल, बाकी काही घडणार नाही. घरगुती वापरात याचा तोटा नाही. कार्यालयात अशा स्क्रिप्ट दोनदा क्लिक करून चालवण्याची रीत असेल तर तेवढ्यांची वेगळी सोय करावी.

मॅक्रोचा इतिहास तर या लेखाच्या मुद्द्याचा पुरावाच आहे. मेलिसापासून पुढची वीसहून अधिक वर्षे ऑफिसच्या फायलींत आधी इशाऱ्याची चौकट, नंतरच्या आवृत्त्यांत पिवळी पट्टी यायची आणि 'एनेबल' दाबायचे की नाही हे वाचणाऱ्यावर सोपवलेले असायचे. भामटे फायलीत एक अंधुक चित्र टाकून 'नीट दिसण्यासाठी वरचे बटण दाबा' असे लिहायचे आणि लोक दाबायचे. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. लाल पट्टी येते आणि तिच्यावर चालू करायचे बटणच नसते. भामट्यांनी थोड्याच काळात मॅक्रोची वाट सोडून डिस्क इमेज (अख्ख्या डिस्कची एका फायलीतली प्रत), शॉर्टकट आणि वननोटच्या फायली धरल्या. दोन दशकांच्या सूचनांनी जे झाले नाही ते एका मूळ सेटिंगने झाले.

हे अडवणे फायलीला चिकटलेल्या एका अदृश्य खुणेवर चालते: ही फाइल इंटरनेटवरून आली आहे. म्हणून फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'अनब्लॉक' करायला कुणी मेलमध्ये सांगत असेल, तर तो ती खूण पुसायला सांगतो आहे. पासवर्ड लावलेली झिप आणि त्याच मेलमध्ये लिहिलेला पासवर्ड हा प्रकारही तसाच. यात गोपनीयता काहीच नाही. मेल सर्व्हरवरच्या तपासणीला आत डोकावता येऊ नये एवढाच हेतू असतो. अटॅचमेंट म्हणून आलेली 'एचटीएमएल' किंवा 'एसव्हीजी' फाइल ब्राउझरमध्ये उघडून लॉगिनचे पान दाखवते. वरच्या पत्त्याच्या पट्टीत संकेतस्थळाऐवजी आपल्याच डिस्कवरचा मार्ग दिसतो. आणि २०२४पासून फोफावलेली नवी युक्ती अशी: 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून पान सांगते की विंडोजच्या बटणासह 'आर' दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर. त्या पानाने क्लिपबोर्डवर आधीच एक आज्ञा ठेवलेली असते आणि आपण ती स्वतःच्या हाताने चालवतो. कुठलीही खरी पडताळणी रन विंडोत पेस्ट करायला सांगत नाही.

रोजच्या वापरासाठी अॅडमिनिस्ट्रेटर नसलेले साधे खाते ठेवावे. अँटिव्हायरस एकच असावा, दोन एकत्र लावले की ते एकमेकांच्या आड येतात. तो जागा आहे की नाही हे पाहायला आयकार नावाची ६८ बाइटची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती उतरवताच इशारा आला पाहिजे. मात्र त्यातून तो जागा आहे एवढेच कळते, नवा व्हायरस तो पकडेल याची हमी मिळत नाही. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी. त्यातली एक प्रत संगणकापासून सुटी असलीच पाहिजे, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेली हार्ड डिस्कही कुलूपबंद करतो आणि क्लाउडवर आपोआप सरकणाऱ्या फोल्डरातही बिघडलेल्या फायलीच पोचतात. बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून पाहिली नसेल तर बॅकअप आहे असे धरू नये.

खात्याच्या बाबतीत मोबाइलवर येणारा सहा अंकी कोड नसण्यापेक्षा बरा, पण तो खोट्या पानावरही टाइप करता येतो आणि भामटा तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेली लॉगिनची किल्ली, किंवा यूएसबी सुरक्षा किल्ली ही डोमेनशी बांधलेली असते; खोट्या डोमेनवर ती उत्तरच देत नाही, मग माणूस कितीही फसलेला असो. गूगलने २०१७च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि त्यानंतर फिशिंगमुळे कुणाचेही कामाचे खाते हातचे गेल्याची नोंद नाही, असे २०१८मध्ये जाहीर केले. किमान मेलच्या खात्याला तरी पासकी लावावीच, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते.

आणि एक फसवणूक अशी आहे जिच्यात व्हायरस नसतोच. २०१३ ते २०१५ या काळात एका लिथुआनियन माणसाने तैवानमधल्या एका हार्डवेअर कंपनीच्या नावाने लॅटव्हियात कंपनी नोंदवली, खोटी बिले आणि मेल पाठवले आणि गूगल व फेसबुक यांच्याकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या खात्यांत वळवून घेतली. २०१९मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. जगातल्या सर्वांत तंत्रसमृद्ध कंपन्यांचे हे झाले. अँटिव्हायरसला पकडण्याजोगे त्या बिलांत काही नव्हते. यावरचा उपाय हिशेब खात्याच्या कार्यपद्धतीत आहे: पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की आधीपासून नोंदवहीत असलेल्या क्रमांकावर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नव्हे; आणि बदल दोघांच्या सहीशिवाय लागू करायचा नाही. 'तातडीचे आहे, साहेबांचे आदेश आहेत' या सबबीवर हा नियम मोडता येत असेल तर तो नियमच नाही.

हे सगळे करूनही क्लिक झालेच तर क्रम असा. फाइल चालवली असेल तर आधी नेटवर्क तोडावे: वायफाय बंद, तार बाहेर. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावा, बाधित संगणकावरून नव्हे. मग खात्यातली 'सर्व ठिकाणांहून साइन आउट' ही सोय वापरावी, कारण काही सेवांत पासवर्ड बदलला तरी आधी उघडलेली सत्रे चालू राहतात. यानंतरची पायरी बहुतेकांकडून सुटते: मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासावेत. भामटा जाताना मेल आपल्याकडे वळवणारा किंवा बँकेचे मेल कुठल्यातरी आडबाजूच्या फोल्डरात लपवणारा नियम ठेवून जातो. खात्याला जोडलेली बाहेरची अॅप आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन व पत्ताही पाहावा. पैसे गेले असतील तर या सगळ्याच्या आधी बँकेला फोन, कारण रक्कम थोपवण्याची शक्यता तासागणिक घटते.

आपली बँक किंवा विद्यापीठ या प्रश्नी कुठे उभे आहे, हे तपासायला कुणाची परवानगी लागत नाही. तिचा एक खरा मेल जीमेलमध्ये उघडावा, तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडावे. वर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतात. खाली मजकुरात 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' या नोंदीत डीमार्कच्या पुढे कंसात 'पी' या अक्षराला बरोबरचे चिन्ह असते आणि त्यापुढे धोरण. त्याच कंसात पुढे 'डिस'पुढे 'नन' लिहिलेले असते. ते त्या एका मेलवर झालेल्या कारवाईबद्दल आहे, त्यात गल्लत करू नये. 'पी'पुढे 'रिजेक्ट' नसेल, तर संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारावे की आपल्या नावाने येणारे तोतया मेल अडवण्याचे धोरण कोणत्या तारखेपासून लागू होणार आहे. आणि उत्तरात तारीख मागावी.